दोन नंबर, एक शशी

सुपारी सोलायचे दिवस होते. त्या दिवसांत आमच्या वाडीत कुठल्याही घराच्या पडवीत पाहा, फळीला बसवलेल्या कोयत्यांपुढे बायका ओळीने बसलेल्या असतात. हात काळे झालेले आणि तोंडं चालू. आमची बाग लहान, आमचं सोलणं लवकर उरकतं, म्हणून दुपारची मी नागक्काकडे जाऊन बसायचे.

नागक्का म्हणजे नागवेणी हेगडे. शिरसीहून येणारा रस्ता जिथे संपतो आणि पायवाट लागते, तिथलं पहिलं घर तिचं आणि त्याच्या खालच्या अंगाला माझं. घरात ती आणि भावय्या, म्हणजे तिचे यजमान विघ्नेश्वर हेगडे, दोघंच. भावय्यांना ऐकायला कमी येतं, त्यामुळे ते बोलतातही कमी. एकुलता एक मुलगा शशिधर बेंगळुरूला नोकरीला.

आमच्याकडे मोबाईलची रेंज पाहुणीसारखी येते आणि जाते. नागक्काच्या घरात तर ती फक्त पडवीच्या कोपऱ्यातल्या खिडकीत यायची. तिथेही बोलणं धड व्हायचं नाही, हॅलो म्हणेपर्यंत तुटायचं. मेसेज मात्र यायचे. पावसाळ्यात फणसाची फांदी पडून घरातल्या जुन्या फोनची तार तुटली होती, ती कुणी जोडली नव्हती. त्यामुळे आई आणि मुलाचं जे काही बोलणं असायचं ते मेसेजवर. ती लांबलचक लिहायची. गाय आटली, माकडांनी केळीचा घड नेला, परसात काय लावलं, कोणाचं लग्न ठरलं. त्याचं उत्तर यायचं, ‘हं.’ कधी ‘ओके.’ तिने फोन लावायचा प्रयत्न केलाच तर तो कट करायचा आणि लिहायचा, ‘मीटिंगमध्ये आहे.’ नागक्का ते मला दाखवायची आणि म्हणायची, “बघ भागी, मोठा साहेब झालाय.” ती हे अभिमानाने म्हणते की कसं, ते मला कधी कळलं नाही.

त्या वर्षी सोसायटीच्या सभागृहात बँकेचा एक माणूस येऊन फसव्या मेसेजांबद्दल बोलून गेला होता. अनोळखी नंबर, भलतीच घाई, कुणाला सांगू नको म्हणणं, आणि बँकेकडून आलेला आकडा मागणं. यातलं काही दिसलं की समजायचं, हा चोर. आम्ही ऐकलं आणि चहा पिऊन घरी आलो. नागक्काने मात्र ते मनावर घेतलं. ती वाडीभर सगळ्यांचे मेसेज तपासू लागली. ‘तुमचं पार्सल अडकलंय’ आलं की ती म्हणे, चोर. ‘लॉटरी लागली’ आलं की चोर. वीजमंडळाचा दिवसभर वीज नसणार असा मेसेजही तिने चोराचा म्हणून पुसला, आणि त्या दिवशी खरोखरच वीज गेली. तांदळाचं पीठ दळायचं राहिलं. तरी ती म्हणाली, “एक खरा गेला तरी चालेल, खोटा घरात यायला नको.”

त्या सभेत तिने एक प्रश्न विचारला होता. तिच्या खात्याचं सगळं शशीच बघायचा, त्याच्या मोबाईलवरून. पण पैसे काढायचे झाले की बँक जो आकडा पाठवायची, तो यायचा नागक्काच्या मोबाईलवर. शशी मागायचा, ती पाठवायची. म्हणून तिने विचारलं, “मुलाला दिला तर?”

बँकेचा माणूस हसून म्हणाला, “मुलाला द्या की. फक्त तो मुलगाच आहे ना, एवढं बघा.”

तर त्या दुपारी आम्ही सोलत बसलो होतो. खिडकीतला मोबाईल वाजला. नागक्काने हात पुसले, चष्मा लावला आणि वाचू लागली. वाचता वाचता तिचा चेहरा उजळला, शिकाऱ्याला सावज दिसल्यासारखा.

“आला बघ एक. ऐक.” तिने मोठ्याने वाचलं. ‘आयी, मी शशी. माझा फोन गेला. हा दुसऱ्याचा नंबर आहे. उद्या सकाळी घरी येतोय, बरोबर एक जण आहे. अप्पय्यांना काही सांगू नको, कुणालाच सांगू नको. लगेच उत्तर दे.’

“सगळं आहे यात,” ती म्हणाली. “अनोळखी नंबर. घाई. सांगू नको. फक्त आकडा तेवढा मागितला नाही. तो आता मागेल.”

“आयी म्हणतोय,” मी म्हटलं.

“सगळ्या शिरसीत आईला आयी आणि बापाला अप्पय्याच म्हणतात. त्यात काय शोधायचंय?”

तिने तिथेच उभं राहून उत्तर लिहिलं, आणि पाठवण्याआधी मला वाचून दाखवलं. ‘तू जो कोण आहेस, तुला लाज नाही. आईच्या नावाने लोकांना लुबाडतोस. तुला जन्म देणारीला हे कळलं तर तिच्या घशाखाली घास उतरणार नाही.’

“फार झालं का?” तिने विचारलं.

“बरोबर आहे,” मी म्हटलं.

पाठवला. मग खात्री करून घ्यावी म्हणून तिने शशीच्या नेहमीच्या नंबरवर लिहिलं, ‘तुझं नाव घेऊन कुणीतरी मला फसवायला बघतंय. तू ठीक आहेस ना?’

उत्तर लवकर आलं. एरवी संध्याकाळ व्हायची. ‘मी ठीक आहे आयी. त्याला उत्तर देऊ नको. तू जेवलीस का?’

नागक्काने ते दोनदा वाचलं. मग मला दाखवलं. मग पुन्हा स्वतः वाचलं. “जेवलीस का विचारतोय,” ती म्हणाली.

“विचारेल की. आई आहेस त्याची.”

“हो, पण कधी विचारलं नव्हतं.”

ती कोयत्यापुढे येऊन बसली खरी, पण तिचं सोलणं होईना. पुन्हा मोबाईल वाजला. अनोळखी नंबर. ‘आयी, काय लिहितेस हे? मी शशीच आहे. बसस्टँडवर मेसेज लिहीत असताना हातातून फोन हिसकावून नेला. माझ्या नंबरवरून काही आलं तर उत्तर देऊ नको.’

लगेच त्याच्या मागोमाग शशीच्या नंबरवरून. ‘आयी, तो माणूस तुझ्या खात्यात शिरायला बघतोय. मी खातं बंद करून ठेवतो. तुला बँकेचा आकडा येईल, तो मला पाठव. घाबरू नको.’

आणि खरोखरच बँकेचा आकडा आला.

आता तिची गंमत गेली. ती मोबाईल हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. “हा म्हणतो त्याला उत्तर देऊ नको. तो म्हणतो याला देऊ नको.”

“फोन लावून बघ ना.”

तिने शशीचा नंबर लावला. दोनदा वाजला, कट झाला, आणि मेसेज आला, ‘मीटिंगमध्ये आहे.’ नागक्काने सुटकेचा श्वास सोडला. हा तर शशीच. मग मीच म्हटलं, तो दुसराही लावून बघ. तिने लावला. पलीकडून बाईचा आवाज आला, बोली आमच्याकडची नाही, वरच्या सपाट मुलखातली. “कोण? हां हां, थांबा, देते...” एवढ्यात तुटलं. पुन्हा लागेना.

“बाई ठेवलीय फोनवर,” नागक्का म्हणाली. “तशा ठेवतात म्हणे.” पण तिचा आवाज ठाम नव्हता. “भागी, तो शशी असेल तर?”

“मग हा कोण?”

“हा शशीच आहे. नंबर त्याचा, कट करायची सवय त्याची.”

“मग झालं तर.”

“पण जेवलीस का कसं विचारलं?”

मला स्वतःलाच काही सुधरत नव्हतं. एकदा वाटे, पोर दूर राहून शहाणं झालं असेल. एकदा वाटे, तो दुसरा कळवळून लिहितोय, चोर एवढा कशाला चिडेल? मग वाटे, चिडल्याचं सोंगही करत असेल.

शेवटी मीच सुचवलं, घरचं काहीतरी विचार, जे बाहेरच्याला माहीत नसेल. नागक्काला ते पटलं. बराच विचार करून तिने दोघांनाही एकच मेसेज पाठवला. ‘या वर्षी मी परसात काय लावलं?’

शशीच्या नंबरवरून उत्तर आलं, ‘जायफळाची रोपं. त्यातलं विहिरीजवळचं वाळलं म्हणून तुला वाईट वाटलं होतं. मी आलो की दुसरं आणू.’

अनोळखी नंबरवरून आलं, ‘मला काय माहीत काय लावलंस? हा काय खेळ चाललाय आयी? तोंडली का?’

नागक्काने डोळे पुसले. सुपारीच्या काळ्या हातांनीच पुसले, गालाला डाग लागला. “वाळलेलं रोपसुद्धा लक्षात आहे बघ त्याच्या. मी म्हणायचे, हा वाचतच नाही. सगळं वाचत होता.”

त्यानंतर शंकेला जागाच नव्हती. ती आकडा लिहू लागली. एक आकडा चुकला, पुसून परत लिहिला. पाठवला, तर रेंज गेली. मेसेज तसाच अडकून राहिला. ती मोबाईल खिडकीबाहेर धरून उभी राहिली, हात लांब करून, मग दुसऱ्या हाताने.

तेवढ्यात भावय्या बागेतून आले. पाय धुऊन कट्ट्यावर बसले आणि त्यांनी विचारलं, ही खिडकीत काय करतेय? मी त्यांच्या कानाशी जाऊन सगळं सांगितलं. अप्पय्यांना सांगू नको असं त्या मेसेजमध्ये होतं, पण तो चोराचा मेसेज, म्हणून मी तेही सांगितलं. त्यांनी मध्ये एकच गोष्ट पुन्हा विचारली.

“जायफळाचं कोणी सांगितलं?”

“शशीने.”

“शशीने? आपणहून?”

“नागक्काने विचारलं म्हणून. विहिरीजवळचं वाळलं, तेसुद्धा सांगितलं.”

भावय्यांनी पानाला चुना लावला. “मग तो शशी नव्हे.”

नागक्का खिडकीतून वळली. “काय म्हणालात?”

“खड्डे मी खणले,” भावय्या म्हणाले. “मलासुद्धा आठवावं लागलं कुठलं वाळलं ते. आपला शशी दिवाळीला आला होता, त्या रोपांवरून पाय देऊन गेला. त्याला काय ठाऊक?”

“मी लिहिलं होतं त्याला.”

“तू लिहिलं होतंस. त्याने वाचलं होतं का?”

नागक्का अशी संतापली की मी तिला तशी कधी पाहिली नव्हती. “म्हणजे माझ्या मुलाने माझी विचारपूस केली की तो चोर, आणि आईवर खेकसला की तो मुलगा? असं म्हणायचंय तुम्हाला?”

भावय्यांना ते पूर्ण ऐकू गेलं की नाही, माहीत नाही. ते म्हणाले, “तोंडली म्हणाला ना तो दुसरा? तोच आपला. ठोकून द्यायची सवय आहे त्याची.”

नागक्काने खिडकीबाहेरचा हात आत घेतला. मोबाईलकडे बघत राहिली. अडकलेला मेसेज अजून तिथेच होता, रेंज आली की गेला असता. मी म्हटलं, “पुसून टाक.” ती म्हणाली, “आणि खरा तोच निघाला तर? एवढ्या मायेने विचारतोय, त्याला मी उत्तरही द्यायचं नाही?” मग म्हणाली, “पण नको.” मग पुन्हा म्हणाली, “पण भागी...” शेवटी तिने मेसेज पुसला, मोबाईल बंद केला आणि आत जाऊन तांदळाच्या डब्यात खोल खुपसून ठेवला. डब्यावर पाटा ठेवला. जणू तो बाहेर पळून जाणार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ताक न्यायला गेले, तेव्हा पायवाटेवर दोन माणसं दिसली. पुढे शशी, दाढी वाढलेली, बसमधल्या झोपेने केस उभे राहिलेले. मागे एक उंच मुलगी, खांद्याला पिशवी, चप्पल हातात घेऊन बागेच्या पाटाचा चिखल चुकवत येत होती. नागक्का अंगणात सुपारीची सालं गोळा करत होती. तिने मान वर केली. पण ‘आलास का’ म्हणाली नाही, आत चला म्हणाली नाही. नुसती बघत राहिली. तिचं पोर समोर उभं होतं, तरी ती त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत होती.

“चिक्की, हिला काय झालंय?” शशीने मला विचारलं; मावशीला आमच्याकडे चिक्की म्हणतात. “आयी, स्वतःच्या मुलाला ओळखलं नाहीस?”

“कशावरून ओळखू?” नागक्का म्हणाली. “तूच सांग, कशावरून?”

त्याने मागे वळून त्या मुलीकडे पाहिलं. मग तिने विचारलं, “ही कोण?”

“शिवलीला. आम्ही एकत्र काम करतो. म्हणजे... सांगतो सगळं. हिच्याच फोनवरून लिहीत होतो तुला.”

नागक्काच्या हातातली सालं खाली पडली. काल तिने काय लिहिलं होतं, ते तिला आणि मला एकदमच आठवलं. मुलगी पुढे आली आणि वाकून पाया पडली. “अम्मा, तुमचा मेसेज आधी मीच वाचला,” ती तिच्या गदगकडच्या बोलीत म्हणाली. “माझ्या आईलासुद्धा फोन करून वाचून दाखवला.”

“आईला?” नागक्काने विचारलं. “काय म्हणाली?”

“म्हणाली, घास उतरणार नाही म्हणतात, पण मी तर आत्ताच दोन भाकरी खाल्ल्या.”

भावय्यांनी मोठ्याने विचारलं, “काय म्हणते ती?” मी त्यांना सांगितलं, तेव्हा ते इतके हसले की पान बाहेर आलं. नागक्का हसली नाही, पण तिने मुलीचा हात धरून तिला आत नेलं आणि कषाय, म्हणजे आमचा धणे-जिऱ्याचा काढा, करायला ठेवलं. दोन कप आधणात एकाऐवजी चार चमचे गूळ पडला, हे मला नंतर कळलं.

मोबाईल तांदळातून निघाला. शशीने तो खिडकीत नेऊन सुरू केला आणि त्याच्याच नंबरवरून आलेले मेसेज वाचू लागला. रात्रीही दोनचार आले होते. ‘आयी, आकडा पाठवलास का?’ ‘आयी, रागावलीस का? थंडी पडलीय, कानाला बांध.’ शशी वाचत होता आणि आम्ही त्याच्याकडे बघत होतो. मग तो वर वर सरकत गेला, आईच्या जुन्या मेसेजांवर. बराच वेळ गेला.

“हे सगळं तू कधी लिहिलंस?” त्याने विचारलं.

“तेव्हाच. जेव्हा झालं तेव्हा.”

“त्याने हे सगळं बसून वाचलं,” शशी म्हणाला. “फोन हाती लागल्यावर बसून वाचलं असणार.” त्याच्या आवाजात राग होता, पण तो कुणावर, ते त्यालाही नीट ठरवता येत नसावं. थोड्या वेळाने म्हणाला, “आयी, माझ्याकडे इतके मेसेज येतात दिवसभर...” आणि वाक्य तिथेच सोडलं.

नागक्का म्हणाली, “तुला कोण काय म्हणतंय?”

त्याच दिवशी शिरसीला जाऊन त्याने जुनं कार्ड बंद करवलं आणि त्याच नंबरचं नवं कार्ड घेतलं. बँकेत जाऊन खातं बघितलं, काही गेलं नव्हतं. पोलिसांकडे तक्रार द्यायला नागक्काही गेली, मला बरोबर घेऊन. तिथला हवालदार भला माणूस होता. त्याने बसायला खुर्ची दिली. फोन चोरीला गेल्याचं लिहून घेतलं आणि नागक्काला विचारलं, “तुमचं काय नुकसान झालं, अम्मा?”

ती विचारात पडली. “तसं काही नाही झालं.”

“मग तुमची तक्रार काय लिहू?”

“लिहा की,” ती म्हणाली आणि थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, “राहू द्या. मला सांगता येत नाही.”

शिवलीला कोण, कुठली, कुठल्या जातीची, हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही. आदल्या दिवशी शिवी देऊन बसल्यावर लगेच ते विचारायचं तोंडच नव्हतं. नंतर विचारलं गेलं, रडारड झाली, भावय्यांनी चार दिवस अबोला धरला, नात्यातल्या काहींनी येणं सोडलं. पण युगादीच्या पाडव्यानंतर लग्न झालं. गदगहून तिची आई आली होती. पंक्तीत नागक्काने तिला स्वतः वाढलं, आणि त्या बाईने जरा मोठ्यानेच सांगितलं की आज घशाखाली घास उतरतोय. दोघी इतक्या हसल्या की वाढपी थांबले.

शशी आता जरा जास्त लिहितो. रोज नाही, पण लिहितो. नागक्का मात्र अजून गोंधळते. नंबर तोच असल्यामुळे चोराचे मेसेज आणि मुलाचे मेसेज एकाखाली एक आहेत, मध्ये रेघ नाही की काही नाही. परवा तिने मला बोलावलं आणि मोबाईल पुढे केला.

“इथून वर तो चोर, ना?”

मी बघितलं. “नाही, हा तर शशीचाच दिसतो. कानाला बांध म्हणतोय.”

“ते चोराने लिहिलंय,” नागक्का म्हणाली. मग तिने चष्मा काढून पुसला, परत लावला. “की शशीने? थांब, तारीख बघू दे.”

मी म्हटलं, चोराचे असतील ते पुसून टाक, म्हणजे घोळ नको. ती बराच वेळ खिडकीत उभी राहून वर-खाली करत होती. मग म्हणाली, “आत्ता नको. नीट बघून एकदा पुसते.” आणि मोबाईल ठेवून ती सुपाऱ्या उन्हात घालायला गेली.